ब्रेक कंपनीचे नव्हते, परभ्या

परभ्या, काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, मंडपवाले बांबू घेऊन गेले, आणि आज सकाळपासून मी गॅरेजचं एकच फाटक उघडून आत बसलोय. समोर तुझ्याच कचेरीतले वाया गेलेले नकाशे आहेत, पाठकोरे, तू मला चिठ्ठ्याचपाट्या लिहायला आणून द्यायचास ते. मला लिहायची सवय नाही. पण भांडायला तू नाहीस आणि माझ्या तोंडाला गप्प बसणं जमत नाही, म्हणून लिहितो. तू असतास तर वाचून म्हणाला असतास, "काय बे नाऱ्या, काय पुस्तकी लिहून राहिला!" म्हण. काहीही म्हण. पण ऐक.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि तिथवर पोचणारच नाही. सगळं गाव म्हणतंय की तू कंपनीच्या ब्रेकमुळे गेलास. तूही तेच समजून गेलास. तसं नाही गा. त्या दिवशी तुझ्या गाडीत कंपनीचे ब्रेक नव्हतेच. ते मी बदलले होते. तुला न सांगता.

लिहिलं एकदाचं. आता उठून पाणी पिऊन आलो. 

ती गाडी तू आणलीस तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. खाप्याकडे मँगनीजच्या खाणीवर कोणी इंग्रज साहेब होता, तो मायदेशी जाताना ती शेडमध्ये टाकून गेलेला. दोन माणसांची, लांब नाकाची, छप्पर कापडाचं आणि तेही उंदरांनी कुरतडलेलं. सरकारी कचेरीत बसून नकाशे काढणाऱ्या माणसाला असली शर्यतीची गाडी कशाला हवी, असं तुझ्या अण्णांनी विचारलं. बापाचा प्रश्न रास्त होता. तू म्हणालास, "तिची रेषा चांगली आहे, अण्णा." बस, एवढंच. रेषा चांगली म्हणून ती ट्रकच्या मागे दोर बांधून तू माझ्या गॅरेजपर्यंत ओढत आणलीस, आणि अख्खं गणेशपेठ बघायला लोटलं.

अडीच वर्षं आपले सगळे रविवार तिनं खाल्ले. मी म्हणायचो, मिळेल तो पार्ट ठोकू आणि चालू करू. तुझं एकच टुमणं, जसं होतं तसंच पाहिजे. प्रत्येक भाग उघडला की तू आधी त्याचं चित्र काढायचास, मापासकट. चारही चाकांच्या ब्रेकचं तू काढलेलं चित्र अजून माझ्या भिंतीवर आहे. आज मी ते उलटं करून लावलंय. बघवत नाही.

आणि ब्रेकवरूनच आपलं भांडण. बाप्पा, किती भांडलो! मी म्हणायचो, "अबे, ही गाडी ऐंशी मैलांनी पळते आणि ब्रेक देल्ले आहेत पोराच्या बाबागाडीचे. चार ड्रम, अन् तेही एवढेएवढे. तिकडे विलायतेत थंडी असते. आपल्या इथं मे महिन्यात डांबर वितळते. ड्रम तापला का ब्रेक गेला म्हणून समज." तू चहाचा कप खाली ठेवायचास, मिशी पुसायचास आणि शांतपणे म्हणायचास, "ज्यानं गाडी बनवली त्यानं ब्रेकचाबी विचार केलाच असन ना गा. तो का मूर्ख होता?" मी म्हणायचो, "त्यानं नागपूर पाह्यलं नाही." तू म्हणायचास, "अन् तू विलायत पाह्यली नाही." की झालं. माझं डोकं फिरायचं. वाद जिंकल्याशिवाय मला घास गोड लागत नाही, हे तुला माहीत होतं, आणि मुद्दाम तू मला जिंकू द्यायचा नाहीस.

सेमिनरी हिल्सच्या उतारावरची ती सकाळ आठवते? मीच पैज लावली होती. दहा वेळा उतरायचं, दर वेळी खाली करकचून ब्रेक. सातव्या खेपेला धूर निघाला, जळका वास सुटला, पॅडल ढिलं पडलं. मी रस्त्यावर उभा राहून टाळ्या पिटल्या. जितलो, जितलो! तू गाडी कडेला घेतलीस, पिशवीतून चिवड्याचा पुडा काढलास, मला दिलास आणि अर्धा तास झाडाखाली बसून राहिलास. मग म्हणालास, "आता दाब." दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. "थकला होता बिचारा. थकल्यावर तूबी काम करत नाही. अन् नाऱ्या, मी हिले कधी पस्तीसच्या वर नेतो का? रोज सात वेळा डोंगर उतरतो का?" मी म्हणालो, "मग बैलगाडी घ्यायची होती!" तू इतका हसलास की चिवडा नाकात गेला. तेव्हा राग आला होता मला. आज ते हसणं एकदा ऐकायला मिळालं तर मी काहीही देईन.

खरं सांगायचं तर तुझ्यासारखा हलक्या पायाचा माणूस मी पाहिला नाही. शर्यतीची गाडी तू लग्नाच्या वरातीसारखी चालवायचास. दुरून गाय दिसली की आधी गेअर उतरवायचास, मग पाय नुसता टेकवायचास. कंपनीचे ब्रेक तुझ्या पायाला पुरून उरले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल करायचं नव्हतं, इतकंच.

आणि मी तुझ्याशी भांडत राहिलो तो कोणाच्या जिवावर? नोकरी सोडून मी ही जागा घेतली तेव्हा माझ्या घरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पाटी तू रंगवलीस, तीन दिवस स्टुलावर उभा राहून. पहिल्या दिवशी एक गाडी आली नाही, तर संध्याकाळी तू स्वतःची सायकल घेऊन आलास आणि म्हणालास, "मिस्त्री, जरा ब्रेक पाहता का?" काही बिघडलेलं नव्हतं तिचं. मी मुकाट्यानं दोन्ही रबरं बदलली. मला मिस्त्री म्हणणारा पहिला माणूस तू. ते ऋण मी कसं फेडलं, बघ.

आता ते सांगतो.

दसऱ्यानंतर तू लीलावहिनींना घेऊन त्या गाडीनं पचमढीला जाणार होतास. लग्नाला दहा वर्षं झाली, बाईला कुठं नेलं नाही, म्हणत होतास. सपाटीवर ठीक आहे, पण घाट? सेमिनरी हिल्सचा तो धूर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तुला दोनदा म्हणालो, लायनर तरी, ड्रमाला घासणाऱ्या त्या पट्ट्या तरी बदलू. तू दोन्ही वेळा हसण्यावारी नेलंस. मग अष्टमीला तू गाडी दसऱ्यासाठी धुवायला म्हणून माझ्याकडे सोडून गेलास, आणि माझ्याकडे एका ट्रकच्या कामातले कडक, जाड लायनर उरलेले होते. तापले तरी हटणार नाहीत असे. दुपारभर बसून मी ते कापले, घासले आणि तुझ्या ड्रमांच्या आतल्या आठही शूंवर रिबिटा मारून बसवले. काळजी होती गा, शपथ. पण नुसती काळजी असती तर मी तुला सांगितलं असतं. मला घाटातून परत आल्यावर तुला सांगायचं होतं. वहिनींच्या देखत, हसत हसत. पाह्य, कोणाच्या ब्रेकनं उतरला तू. हे माझ्या मनात होतं.

नवीन लायनर लगेच धरत नाही. ड्रमवर घासून घासून बसावं लागतं, पन्नासेक मैल हळूहळू चालवून, थांबवत थांबवत. तोवर दाबलं तरी गाडी पुढे सरकतच राहते. आणि ट्रकचा लायनर तर थंड असताना आणखीच कमी धरतो. हे मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. पंधरा वर्षं हेच करतोय मी. ठरवलं होतं, नवमीला सकाळी कळमेश्वरपर्यंत दोन-तीन चकरा मारीन, बसून जातील.

पण नवमी म्हणजे खंडेनवमी. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही आणि पूजेतली गाडी हलवायची नाही, दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत. पाने, हातोडे, जॅक, सगळं धुऊन पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, तुझ्या गाडीला झेंडूची माळ घातली. लायनर कच्चे आहेत हे ठाऊक असून मी त्यांच्यावर फुलं वाहिली. एक दिवस नेम मोडला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? बाबा तर जाऊन सहा वर्षं झाली. कोणाला भ्यालो मी?

तू पूजेला आलास, नारळ तूच फोडलास. माझ्या ओठांवर आलं होतं. मी सुरुवातही केली, "परभ्या, तुह्या गाडीचे ब्रेक..." तू हात जोडलेस. "आज नको ना बे. वर्षातून एक दिवस हत्यारं निजतात, तूबी नीज." सगळे हसले. मीही हसलो. तिथं ओरडून सांगायचं होतं. गचांडीला धरून सांगायचं होतं. मी प्रसाद वाटायला लागलो.

दसऱ्याच्या सकाळी मी बर्डीच्या बाजारात फुलं आणायला गेलो. मनात होतं, आल्यावर गाडी काढू, सीमोल्लंघनाच्या निमित्तानं मीच चालवीन, वाटेत सांगीन. येऊन पाहतो तर शेड रिकामी. कुलपाची दुसरी किल्ली तुझ्याकडे असायचीच. माळ कडीला अडकवलेली आणि दारावर खडूनं लिहिलेलं, 'सोनं घेऊन येतो.' दर वर्षी आपट्याचं पहिलं पान तू मला द्यायचास. त्याच्यासाठी गावाची हद्द ओलांडून गेलास.

मी सायकल घेतली आणि कळमेश्वरच्या रस्त्याला लागलो. एवढी जोरात सायकल मी आयुष्यात मारली नाही. निघताना तुला ब्रेकचं पॅडल जड लागलंच असेल. पण गाडी धुतलेली होती. ड्रमात पाणी राहिलं असेल, वाळेल आपोआप, असं तू म्हणाला असशील. कोणीही म्हटलं असतं. तुझा माझ्यावर भरवसा होता ना.

पुलाजवळच्या संत्र्याच्या बगीच्यातला शेतकरी मला म्हणाला, "साहेब हळूच येऊन राह्यले होते जी. बाई मोळी घेऊन आडवी आली. त्याईनं ब्रेक मारला, पाय उचलून पुन्हा मारला, गाडी थांबेच ना. मंग त्याईनं हँडल वळवलं." बाईला खरचटलंसुद्धा नाही. तू गाडीसकट पुलाच्या कठड्यावर आदळलास. शेजारच्या सीटखाली आपट्याच्या डहाळ्या होत्या.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी तू शुद्धीवर आलास. वहिनी पलीकडे, मी अलीकडे. तू माझ्याकडे पाहिलंस, ओळखलंस, आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणालास, "नाऱ्या... तू बरोबर होता गा. कंपनीचे ब्रेक... नाही पुरले."

सहा वर्षांचा वाद. तू मला जिंकू दिलंस.

मी काय म्हणालो? "बोलू नको, त्रास होईन." एवढंच. वहिनी समोर होत्या, डॉक्टर यायचा होता, तू बरा झालास की सांगू, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. खोटं. भ्यालो मी. अंधार पडायच्या आत तू गेलास, माझ्यापुढे हार मानून, आणि मी तुझा हात हातात धरून ती हार घेतली.

पुढचे दिवस कसे गेले ते तुला सांगायचीही लाज वाटते. तुझ्या घरी लोक बसायला यायचे आणि सगळे माझी कीव करायचे. अण्णांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "नारायण, तू किती सांगत होता त्याले. आमचाच पोरगा ऐकणारा नव्हता." बायका आल्या की वहिनी प्रत्येकीला तेच सांगायच्या, कोरड्या डोळ्यांनी, भिंतीला टेकून. "हट्टानं गेले. भाऊजी कानीकपाळी ओरडून राह्यले होते. ह्याईचं एकच, कंपनीचं ते चांगलं. माह्यापेक्षा ह्याईले कंपनी जवळची होती." मी ओसरीवर बसून ऐकायचो. चहा आला तर प्यायचो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. रोज ठरवून निघायचो की आज सांगतो, आणि रोज कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवायचं.

मेल्या माणसाला हट्टी म्हणू देणारा मी कोण? तू हट्टी नव्हतासच. भिंतीवर डोकं आपटलं तरी हे कमी होत नाही रे. जेवायला बसलो की पानात ते लायनर दिसतात.

काल तेरवीला पंगती उठल्यावर अण्णांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. "त्याच्या मित्रानं दोन शब्द बोलावे." मी उभा राहिलो. शब्द फुटला नाही. लोकांना वाटलं, दुःखानं. दोघाचौघांनी धरून बसवलं मला. तेव्हा कळलं की आज नाही बोललो तर हा खोटेपणा आता जन्मभर मला कुरवाळत राहणार.

पाहुणे पांगल्यावर मी घरी जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं एक पुडकं घेऊन आलो. अण्णांना आणि वहिनींना माजघरात बसवलं आणि त्यांच्यापुढे तुझ्या गाडीचे जुने लायनर मांडले, आठही पट्ट्या. म्हणालो, "हे कंपनीचे. अष्टमीले मी काढले. त्याले माहीत नव्हतं." मग सगळं सांगितलं. इथं लिहिलंय तसंच, नवमीचं, फुलांचं, दवाखान्यातलं. अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि परत घातलाच नाही.

वहिनींनी त्यातली एक पट्टी उचलली. बराच वेळ बोटांनी चाचपत होत्या. मग विचारलं, "हे झिजले होते का, भाऊजी?"

"नाही. अजून दोन वर्षं चालले असते."

"हे असते तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. सांगता येत नाही वहिनी, नशीब वहिनी, असं काहीही. मी म्हणालो, "गाडी थांबली असती. बाईच्या अलीकडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे कोणी पाहू नये. शिव्या दिल्या असत्या, पट्टी तोंडावर फेकून मारली असती, तर मी पाया पडलो असतो. त्या हळू म्हणाल्या, "त्याईच्यावरच्या रागानं मी रडलीच नाही भाऊजी. इतके दिवस. त्याईले न्यायले आले तवाबी मी मनात भांडूनच राह्यली होती. अन् तुम्ही तिथंच उभे होते."

"होतो, वहिनी."

"काहून नाही सांगितलं?"

अण्णा तोंड फिरवून भिंतीकडे पाहत बसले होते. मी उठलो.

ओसरीत चपला शोधत होतो, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. आत वहिनी तुझ्या फोटोपुढे जाऊन बसल्या असाव्यात. पदर तोंडाला लावलेला, रडू फुटलेलं, तरी शब्द स्पष्ट आले.

"ऐकता का हो? तुमचे ब्रेक चांगले होते. भाऊजीनं सांगितलं आत्ता. तुमचंच बरोबर होतं."

हे मी सांगायचं होतं, परभ्या. दवाखान्यात, तुला ऐकू येत होतं तेव्हा.